खाडीकाठचे बावन्न गुंठे

संपादकांनी यंदाचा विषय दिला 'किनारा'. कोकणच्या किनाऱ्यावर लिहायचं म्हटलं की मासे, मंदिरं आणि मामाचं घर आपोआप कागदावर उतरतं. ते सगळं इतरांवर सोपवून मी चिपळूण-गुहागर रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या फलकांच्या मागे लागलो. 'समुद्रापासून पाच मिनिटे', 'क्लिअर टायटल', 'एनए प्लॉट', 'कर्ज उपलब्ध'. फलकावर एक बंगला, दोन माड आणि मोबाइल नंबर. गुहागरपासून खाली तवसाळच्या धक्क्यापर्यंत आणि फेरीबोटीने पलीकडे जयगडला उतरलात तरी फलक तेच.

या फलकांमागे नेमकी कशाची परवानगी असते, ती कोण देतं आणि मोठ्या बिल्डरचं सोडा, ज्याच्याकडे जेमतेम सव्वा एकर आहे त्याला ती सरळ मार्गाने मिळते का, एवढंच मला पाहायचं होतं. असा एक जण भेटला. सगळे त्यांना तात्या म्हणतात. मुंबईला बेस्टमध्ये वाहक होते, निवृत्तीनंतर गावी येऊन राहिले. खाडीकाठी वडिलोपार्जित जमीन आहे, तिचे रीतसर प्लॉट पाडून विकायचे आणि आलेले पैसे भावंडांत वाटायचे, एवढा साधा बेत. "फाइल बघा, काय हवं ते लिहा. फक्त गावाचं नाव घालू नका," ही त्यांची अट. फाइल कसली, कापडी पिशवी होती ती, आणि पिशवीच्या तळाशी आणखी एक पिशवी.

सतरा नावं

सातबाऱ्यावर क्षेत्र आहे ०.५२.०० हेक्टर. म्हणजे बावन्न आर. गावात कोणी आर म्हणत नाही, सगळे बावन्न गुंठेच म्हणतात. आर आणि गुंठा यांत जरासा फरक आहे, पण ज्याला विकायचंय आणि ज्याला घ्यायचंय त्या दोघांनाही तो सोयीचा वाटतो म्हणून तसाच चालतो.

कब्जेदार सदरी सतरा नावं. त्यांतली चार माणसं हयात नाहीत. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या, एक पुतण्या आखातात, बाकीचे विरार ते डोंबिवली पसरलेले. देशावरच्या वाचकाला हे अतिशयोक्त वाटेल, पण कोकणात सतरा म्हणजे फार नव्हेत. जमीन तुकड्यातुकड्यांची, माणसं मुंबईला, आणि वाटप तोंडी. "वरचा मळा धाकट्याचा, खालची खाजणाची बाजू आमची," असं घरात सगळ्यांना ठाऊक असतं. सरकारी कागदाला ते ठाऊक नसतं. लेआउटच्या अर्जावर मात्र सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून आधी मृत्यूचे दाखले, मग वारसनोंदी, मग फेरफार, मग बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र. बहिणींनी ते का द्यावं, हा प्रश्न अलीकडे बहिणी विचारू लागल्या आहेत आणि तो अगदी रास्त आहे. तात्यांच्या धाकट्या बहिणीने सही करायचं साफ नाकारलं. "दादा, प्लॉट पडू दे, माझा हिस्सा लाव, मग बघू." तेव्हा ती अर्जदारांपैकी एक झाली.

खाली 'इतर हक्क'. सातबाऱ्यातला हा रकाना आधी वाचावा, असं मी आता कोणालाही सांगेन. तात्यांचे आजोबा मूळचे कूळ. कुळकायद्याने जमीन त्यांची झाली, ३२म चं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याचबरोबर कलम ४३ चा शेरा बसला: परवानगीशिवाय हस्तांतर नाही. २०१४ मध्ये ही अट सैल झाली. खरेदीला दहा वर्षं उलटली असली की आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीसपट नजराणा भरून जमीन मोकळी होते. कोकणातल्या वरकस जमिनीचा आकार काही रुपये-पैशांत असतो, त्यामुळे चाळीस पटीनेही रक्कम किरकोळच होते. भरायला वेळ लागत नाही. ती भरण्याचा हक्क आपल्याला आहे हे सिद्ध करायला लागतो. आजोबांचं प्रमाणपत्र सापडत नव्हतं. ते निघालं देवघराच्या मागच्या पेटीत, सत्यनारायणाच्या पोथीत घडी करून ठेवलेलं.

शेजारच्या जमिनीवर तर त्याच रकान्यात खासगी वनाची नोंद आहे. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी सरकारजमा झाल्या, आणि काही ठिकाणी जुनी नोटीस निघाली एवढ्यावरच शेरा राहून गेला. माणूस तिथे पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवतोय आणि कागदावर जंगल उभं आहे. तात्या तेवढ्यापुरते सुदैवी.

उधाणाची रेघ

जमिनीच्या पश्चिमेला खाडी. आधी कांदळवनाची पट्टी, मग चिखल, मग पाणी. इथे महसूल खात्याचा कागद संपतो आणि किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा, सुरू होतो.

पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना निघाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी. नंतर २०११ ची आली, मग २०१९ ची. तिन्हींचा गाभा एकच: भरतीचं पाणी जास्तीत जास्त जिथवर चढतं ती रेघ धरायची आणि तिथून जमिनीच्या बाजूला अंतर मोजायचं. उघड्या समुद्रासमोर हे क्षेत्र ५०० मीटरपर्यंत. खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतलं कमी ते, आणि २०१९ च्या अधिसूचनेत ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं कमी ते. खाडी आत कुठवर 'खाडी' मानायची, याचंही माप आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारात पाच भाग असेल, तिथवर.

खेड्यांत समुद्रासमोर पहिले २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०१९ नंतर दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसं असलेल्या गावांना, हे अंतर ५० मीटरवर आलं. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांना ती घनता गाठणं अवघडच. ही सवलत आपल्या गावाला लागू आहे असं गावोगावचे एजंट बिनधास्त सांगतात. मी त्यांतल्या एकाला गावाची घनता विचारली. "साहेब, मे महिन्यात या, मग बघा घनता."

आता ही भरतीची रेघ असते कुठे? खारवीवाड्यातल्या एका तांडेलाला विचारलं तर तो उभा राहून दाखवतो. "भांगाचं पाणी इथे. पुनवेच्या, अवसेच्या उधाणाचं इथे. आणि श्रावणात वारा असला तर त्या गडग्याला लागतं." तीन रेघा, तिन्ही खऱ्या. कायद्याला त्यांतली एकच हवी असते, उधाणाची कमाल. आणि ती तांडेलाच्या बोटाने चालत नाही. केंद्राने अधिकृत केलेल्या मोजक्या संस्थांनीच आखलेली लागते. अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था, अशी ती यादी आहे.

जिल्ह्याचे किनारा आराखडे १:२५,००० प्रमाणाचे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. बारीक पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ साडेबारा मीटर जमीन खाते. एक अख्खा प्लॉट तिच्या जाडीत मावतो. म्हणून प्रत्यक्ष प्रस्तावासाठी १:४००० चा नकाशा लागतो, त्यावर सर्व्हे नंबर आणि हिस्से बसवलेले. तिथे एक मिलिमीटर चार मीटरचा. हा नकाशा म्हणजे सबंध प्रकरणातला सगळ्यात महागडा कागद, आणि पथकाला शंभर एकरांसाठी जितकं लांबून यावं लागतं तितकंच सव्वा एकरासाठीही यावं लागतं. पुढे सारखं जाणवत राहिलं ते इथेच पहिल्यांदा लक्षात आलं: परवानगीच्या पायऱ्या जमिनीच्या आकाराने कमी होत नाहीत. मोठा बिल्डर हा खर्च शेकडो प्लॉटवर पसरवतो. तात्यांनी तो कुठे पसरायचा?

नकाशा आला. भरतीरेषा तात्यांच्या हद्दीपासून बारा मीटर बाहेर, खाडीच्या बाजूला निघाली. पन्नासातून बारा वजा केले की अडतीस मीटरची पट्टी जमिनीच्या आत. जमीन सुमारे पन्नास मीटर रुंद, म्हणजे १९०० चौरस मीटर हातचे गेले. वर कांदळवनाचा प्रश्न. सरकारी जमिनीवरचं कांदळवन एक हजार चौरस मीटरहून मोठं असेल तर त्याच्याभोवती पन्नास मीटरचा संरक्षित पट्टा येतो. तिवरं आणि चिपी दर पावसाळ्यात पुढे सरकतात. तात्यांच्या लहानपणी जिथे भात लावायचे, तिथे आज तिवरं आहेत, कारण खाजणाचा बांध फुटला तो पुन्हा कोणी घातला नाही.

बावीस, बारा, दहा

गावातल्या एजंटाने वहीच्या पानावर आखून दिलं होतं: दोन-दोन गुंठ्यांचे बावीस प्लॉट आणि मधून एक बोळ. रत्नागिरीच्या वास्तुविशारद बाईंनी तो कागद पाहिला आणि हसून बाजूला ठेवला.

डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. लेआउट ०.४० हेक्टर किंवा त्याहून मोठा असला की दहा टक्के खुली जागा सोडायची. आतला रस्ता नऊ मीटरचा. वळायला जागा. प्रत्येक प्लॉटला त्या रस्त्यावर तोंड. तात्यांना नऊ मीटर ऐकूनच धक्का बसला. "गावात येणारी एस.टी. पाच मीटरच्या रस्त्यावरून येते, आणि माझ्या बारा घरांना नऊ मीटर?" वास्तुविशारद बाईंकडे उत्तर तयार होतं. "तात्या, उद्या एखाद्या घराला आग लागली तर बंब एस.टी.च्या रस्त्याने गावापर्यंत येईल. तुमच्या बोळातून पुढे कसा जाईल?" नियमाचं हेच आहे. एकटा बघितला तर बहुतेक वेळा शहाणा असतो.

५२०० मधून सीआरझेडची पट्टी वजा करून राहिले ३३००. रस्त्याचे आणि वळणाचे सहाशेच्या आसपास. खुल्या जागेचे ५२०. ती खुली जागा बाईंनी खाडीच्या बाजूला, सीआरझेडच्या पट्टीत दाखवली: तिथे नाहीतरी बांधता येत नाही, माडाखाली मुलं खेळतील. तशी धरली तर बारा प्लॉट निघतात. छाननीत शेरा आला, खुली जागा बांधकामयोग्य क्षेत्रातून दाखवावी. मग दहा. पत्रव्यवहार अजून चालू आहे. बारा की दहा, यावर सगळ्या बेताचं गणित अडलेलं आहे.

इथे एक बारकावा. सगळे प्लॉट सीआरझेडच्या बाहेर असतील तर किनारा प्राधिकरणाकडे मंजुरीसाठी जावं लागत नाही, फक्त रेघ नकाशावर खरी दाखवावी लागते. उघड्या समुद्रासमोर जमीन असती तर गोष्ट फार अवघड होती. तिथे ना-विकास क्षेत्राच्या पुढे, ५०० मीटरपर्यंत, राहतं घर बांधता येतं ते पारंपरिक हक्क आणि वहिवाट यांच्या चौकटीत: जुन्या कोळीवाड्यातलं, गावठाणातलं, तळमजला अधिक एक, नऊ मीटर उंचीच्या आत. पुण्याच्या माणसाने शनिवार-रविवारसाठी घेतलेला प्लॉट या चौकटीत बसतो असं म्हणायला बरीच कल्पनाशक्ती लागते. पण स्वतःच्या राहण्यासाठी ३०० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक यंत्रणा सीआरझेडच्या अंगाने तपासून मंजुरी देऊ शकते. या फटीतून प्लॉटिंग आत येतं. जमीन आधी तुटते, मग एकेक खरेदीदार 'माझ्या स्वतःच्या घराचा' अर्ज करतो. कोणताही एक अर्ज खोटा दिसत नाही.

गावठाण नसलेलं गाव

फलकावरचं 'एनए' म्हणजे बिनशेती. जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरायला महसूल खात्याची हरकत नाही आणि त्याची आकारणी भरली आहे, इतकाच त्याचा अर्थ. घेणारा माणूस मात्र ते अक्षर पाहून सगळं झालं असं समजतो. एनएच्या आदेशाला जोडलेल्या अटी कोणी वाचत नाही. किनारा नियमन, वन, रस्त्याची हद्द, यांतल्या कशाचाही भंग झाला तर आदेश रद्द समजावा, अशा धर्तीची अट तिथे शांतपणे बसलेली असते.

पूर्वी यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि महिनोन्‌महिने वाट, असा एकच मार्ग होता. २०१७ च्या दुरुस्त्यांनी तो बराच आखूड केला. आराखड्यात जमीन निवासी असेल, किंवा कलम ४२ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर कर आणि आकारणी भरून सनद घ्यायची, वेगळी परवानगी नको, असं तेव्हा ठरलं. सुधारणा चांगली आहे. ती केली मात्र देशावरचं गाव डोळ्यांपुढे ठेवून. तिथे एक वेस, तिच्या आत घरं, बाहेर शेतं. कोकणात वरचीवाडी डोंगरावर, खालचीवाडी खाडीला, मधलीवाडी दोन वहाळ ओलांडून, आणि घरं ज्याच्या त्याच्या मालकीच्या जमिनीत. कित्येक गावांना मोजलेलं, जाहीर झालेलं गावठाणच नाही. मग २०० मीटर मोजायचे कुठून? तात्यांच्या गावाला नशिबाने गावठाण आहे, देवळाभोवतीचं, इवलंसं. टेप त्यांच्या वरच्या कुंपणाला जेमतेम पोचली.

त्यात अर्ज कोणाच्या टेबलावर जायचा हेही पालटत असतं. २०२४ मध्ये किनारपट्टीच्या शेकडो गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमल्याची अधिसूचना निघाली. गावोगाव सभा झाल्या, हरकती गेल्या. सागरी महामार्गाची आखणी कुठून जाते यावरही प्रत्येक नकाशा पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

आडवाट

इतकं सगळं बघून कोणीही विचारेल, लोक हे करतात तरी का? बरेचसे करत नाहीत. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही, म्हणून आठ-दहा खरेदीदार मिळून एकच खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात आणि कोणाचा तुकडा कोणता हे पाचशेच्या स्टँपवर लिहून ठेवतात. शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं. तो दाखलाही कुठून कुठून पैदा होतो. जांभ्याचे खांब रोवले, तार ओढली, झाला प्लॉट. यात सतराची एकोणतीस नावं होतात आणि तात्यांना जे निस्तरावं लागलं ते पुढच्या पिढीसाठी दुपटीने तयार होतं.

किनाऱ्याचे नियम मोडल्याबद्दल दंड होत नाही असं नाही. किहीमला नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला, त्याची चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. केरळात मरडूला चार गृहसंकुलं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये पाडली गेली. त्यांच्याकडे स्थानिक पंचायतीचे परवाने होते, किनारा प्राधिकरणाची मंजुरी नव्हती. सरकारला सुरुवातीला दर सदनिकाधारकाला २५ लाख द्यावे लागले. मला मरडूची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तिथे घर घेणाऱ्याच्या हातात परवाना होता आणि तो खरा होता. फक्त तो एका खात्याचा होता.

आणि जे सरळ मार्गाने जातात त्यांनाही शेवट लवकर दिसत नाही. तात्पुरता लेआउट मंजूर झाला की जागेवर रस्ते, गटारं, खांब करायचे. मग बिनशेती मोजणी. रोव्हर घेऊन भूकरमापक येतो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात. मग अंतिम मंजुरी. मग कमी-जास्त पत्रक, ज्याला सगळे कजाप म्हणतात, आणि त्यानंतर कुठे प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा. जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असल्यामुळे विक्रीची जाहिरात करण्याआधी महारेराची नोंदणी. म्हणजे फलक सगळ्यात शेवटी लागायला हवा. रस्त्याने येताना पाहिलेल्या बहुतेक फलकांवर महारेराचा क्रमांक मला दिसला नाही.

पाखाडी

या सगळ्या कागदांत एक गोष्ट कुठेच नव्हती. तात्यांच्या जमिनीच्या कडेने जांभ्याच्या पायऱ्यांची एक पाखाडी खाडीवर उतरते. खारवीवाड्यातल्या बाया ओहोटीला तिथून कालवं आणि मुळे काढायला जातात. ती पाखाडी गाव नकाशात नाही, सातबाऱ्यात नाही, मोजणीच्या क-प्रतीवर नाही. मी तिथे असताना एक मावशी टोपली घेऊन वर येत होत्या. प्लॉट पडणार हे त्यांना ठाऊक होतं. "पडू देत की. तात्या आपला माणूस आहे, तो काय अडवणार नाय. पन ज्यांनला देनार ते कुत्रे बांधतात."

शेजारच्या गावात तसं झालंय. लेआउटला मंजुरी आहे, सगळं कायदेशीर आहे, आणि खाडीवर जायची वाट एका बंगल्याच्या फाटकात संपते. तात्यांनी वास्तुविशारद बाईंना सांगून ती दोन मीटरची वाट नकाशात सार्वजनिक म्हणून घालून घेतली. त्यात आणखी थोडी जमीन गेली. हे करायला त्यांना कोणत्याही नियमाने भाग पाडलं नव्हतं, आणि खरं तर पाडायला हवं होतं. किनाऱ्यावर किती मीटर सोडून बांधायचं यावर तीन अधिसूचना निघाल्या; किनाऱ्यावर रोज जाणाऱ्याची वाट मात्र जमीनमालकाच्या चांगुलपणावर आहे.

दहातला एक

सध्या फाइल वेगळ्याच कारणाने थांबली आहे. गावच्या रस्त्यापासून तात्यांच्या जमिनीपर्यंत येणारी गाडीवाट चुलत्यांच्या आवारातून येते. वापर पन्नास वर्षांचा, कागद शून्य. लेआउटला नियमाला धरून रुंद, नोंदलेला रस्ता लागतो, म्हणजे चुलत्यांनी आपल्या कुंपणाच्या आतली पट्टी लिहून द्यायला हवी. चुलते द्यायला तयार आहेत. मोबदला म्हणून त्यांना एक प्लॉट हवा, तोही वरच्या बाजूचा, कोपऱ्यावरचा.

ओसरीवर बैठक झाली तेव्हा मी होतो. विरारचा पुतण्या फोनवर, स्पीकर लावलेला. धाकटी बहीण स्वतः आलेली, मांडीवर सातबाऱ्याची प्रत. बारा मिळाले तर अकरा उरतात, दहा मिळाले तर नऊ, आणि नावं सतरा. पुतण्या म्हणाला, प्लॉटऐवजी त्यांना पैसे देऊ. चुलते म्हणाले, पैशाचं काय करू, पोरगा मुंबईहून येतोय, त्याला घर बांधायचंय. तेव्हा बहीण म्हणाली, "मग त्यांचा पोरगा इथे राहणार आहे तर द्या की त्यांना. आपल्यातलं कोण राहणार आहे?" तात्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि चुलत्यांना विचारलं, संमतिपत्रावर वाट किती मीटरची लिहायची, नऊ की साडेनऊ, कारण मोजणीवाले गडगा धरतात की गडग्याच्या आतून धरतात, ते आधी विचारून घ्यायला हवं.